अठ्ठेचाळिसावा लाडू

शैले, लाडू अठ्ठेचाळीसच होते. सत्तेचाळीस नव्हते. परवा तुझ्या तेराव्याला नांदेडला आले होते, तेव्हा तुझ्याच घराच्या मागच्या अंगणात मला त्याचा पुरावा मिळाला. म्हणून हे लिहायला बसले. तुझ्याशी भांडण राहिलं आहे आणि ते मी जिंकले आहे. पण जिंकले हे सांगायला तू जागेवर नाहीस, आणि ही तुझी जुनीच सवय आहे. लोह्याच्या शाळेतसुद्धा तू हरायला आलीस की पाणी प्यायला निघून जायचीस.

सगळं पहिल्यापासून लिहिते. मला अधलंमधलं गाळून लिहिता येत नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत तू फोन केलास तेव्हा मी लातूरला मेसमध्ये कणीक मळत होते. साठ मुलींचं संध्याकाळचं जेवण, प्रत्येकी चार पोळ्या, दोनशे चाळीस. फोन कानाला लावून खांद्याने धरला होता. तू म्हणालीस, "सुमे, पासपोर्ट काढायला टाक."

"कशाला?"

"सिंगापूरला जायचंय. कॉलेजच्या बावीस पोरी, मी अन् तू."

मी म्हटलं, "मी कशी? मी दहावी."

"तुला परीक्षेला नाही नेऊन राहिले. सांभाळायला नेऊन राहिले."

मग हळूहळू कळलं की हे विचारणं नव्हतंच. दोन दिवसांपूर्वी पालकांच्या सभेत मुखेडच्या एका वडिलांनी उठून विचारलं होतं, "मॅडम, ते भूगोलाचं समदं ठीक हाय, पण जेवणाचं काय? आमची पोरगी नुसत्या भातावर न्हाई राहत." आणि तू भर सभेत सांगून टाकलंस की लातूरला साठ पोरींची मेस चालवणारी तुझी मैत्रीण सोबत येते आहे. सभेत टाळ्या पडल्या म्हणे. मला न विचारता माझ्या नावावर तू टाळ्या घेतल्यास. हे मी तुला तेव्हा ऐकवलं, नंतर चार वेळा ऐकवलं, आणि आज पाचव्यांदा ऐकवते.

पण एक खरं सांगते. फोन ठेवल्यावर मी उरलेल्या पोळ्या कधी लाटल्या ते मला कळलं नाही. आमचे हे विचारत होते, "हसताय कशाला?" मी म्हटलं, "काही नाही." आणि रात्रीच्या जेवणात एका मुलीला पाच पोळ्या गेल्या. सतरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या वाढण्यात चूक झाली.

तुझं डोकं मला आधी समजलंच नव्हतं. मला वाटलं, पोरींना उंच इमारती दाखवायच्या असतील. तू लातूरला आलीस, मेसच्या ताटावर बोटाने गोल काढलास आणि सांगितलंस की सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंशावर आहे. मार्चच्या चौथ्या आठवड्यात तिथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली नाहीशी होते. म्हणून अकरावीची परीक्षा संपल्या संपल्या जायचं.

मी म्हटलं, "आपल्या लोह्यातसुद्धा मे महिन्यात होतं की असं. तूच शाळेत सांगितलं होतंस. मग त्यासाठी समुद्र कशाला ओलांडायचा?"

"लोह्यात मेच्या उन्हात कोण उभं राहतंय बाई? अन् सुमे, लोह्यातून उठून जगाच्या मधोमध जाऊन उभं राहायचं, ह्यात काही मजा नाही का?"

"मजा आहे. कारण नाही."

"मजा हेच कारण हाय," म्हणालीस आणि ताटावरचा गोल पुसून भाजी वाढून घेतलीस. तो वादही अर्धाच राहिला आहे.

तयारीचे ते दीड महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात गडबडीचे आणि सगळ्यात सुखाचे. लातूर ते नांदेड एसटीने मी सहा फेऱ्या केल्या. दर वेळी गाडी लोह्याला थांबायची आणि मला वाटायचं, खाली उतरून सांगावं कुणाला तरी. शेवटच्या फेरीत सांगितलंसुद्धा, फुटाणे विकणाऱ्या बाईला. ती म्हणाली, "लई लांब हाय का?" मी म्हटलं, "विमानाने साडेचार तास." ती म्हणाली, "मग लातूरपेक्षा थोडंच जास्त की." मला तो हिशेब आवडला.

पोरींची मोजणी तू माझ्याकडे दिलीस. मी प्रत्येकीला एक आकडा दिला, एक ते बावीस. मी आकडा पुकारायचा आणि तिने ओरडायचं, "हाव!" 'हजर' नाही, 'यस मॅडम' नाही. परदेशात गर्दीत 'यस' कुणीही म्हणेल, 'हाव' आपल्याशिवाय कोण म्हणणार, असं माझं म्हणणं होतं. तू हसलीस, पण मान्य केलंस. कंधारची प्रणिता सतरा नंबर. तिचा 'हाव' सगळ्यात मोठा. नांदेडच्या तुमच्या कॉलेजच्या पटांगणात आम्ही तीन वेळा तालीम केली. बावीस आकडे, एकोणतीस सेकंद.

आणि मग शिदोरी. माणशी दहा धपाटे, चोवीस माणसांचे दोनशे चाळीस. माणशी शंभर ग्रॅम शेंगदाण्याची चटणी. आणि खारीक-खोबऱ्याचे लाडू, चाळीस चाळीस ग्रॅमचे, अठ्ठेचाळीस. तीन डबे, प्रत्येकात सोळा. तेवीस जणींना दोन दोन, म्हणजे सेहेचाळीस, आणि दोन जास्तीचे, वाटेत कुणाला चक्कर आली तर. तेवीसच का, तर चोविसावी तू. तुझी साखर तेव्हा जेवणाआधी एकशे ऐंशीच्या खाली येत नव्हती. मी तुला भावजींच्या देखत बजावलं होतं, "शैले, ह्या डब्यांना हात लावलास तर पुढच्या कुठल्याही सहलीला मी येणार नाही. शपथेवर सांगते."

तू छातीला हात लावून म्हणालीस, "नाही लावत गं बाई. मला का जिवाची पर्वा नाही?"

लावलास. पण ते पुढे येईल.

आदल्या दिवशी बसने हैदराबादला मुक्काम केला आणि सकाळी विमानतळावर पोचलो. मी बॅगा आधीच मेसच्या हुकाच्या काट्यावर तोलून आणल्या होत्या. विमानतळाच्या काट्यावर चोवीसपैकी एकवीस बॅगांचं वजन माझ्या चिठ्ठीप्रमाणे बरोबर आलं, तीन बॅगांत पाव-पाव किलोचा फरक. काउंटरवरच्या मुलाने चिठ्ठी बघून विचारलं, "मॅडम कुठल्या कंपनीत आहेत?" तू म्हणालीस, "खानावळीत."

लाडवांचे डबे माझ्या हातातल्या पिशवीत होते. विमानात चढायच्या आधी मी तोंड धुवायला गेले. दहा मिनिटं. पिशवी तुझ्याजवळ ठेवली.

विमानाबद्दल काय लिहू? तीस रांगा, रांगेत सहा, एकशे ऐंशी माणसं जमिनीवरून उचलली गेली आणि कुणी ओरडलं नाही, फक्त आपल्या बावीस पोरी ओरडल्या. "आगंऽऽऽ!" मीसुद्धा ओरडले. तू माझा हात इतका घट्ट धरलास की बांगडी पिचकली. वर गेल्यावर तू खिडकीतून खाली बोट दाखवून नदी सांगत होतीस, डोंगर सांगत होतीस, आणि पोरी आळीपाळीने तुझ्या मांडीवर वाकून बघत होत्या. भूगोल शिकवणारी बाई भूगोलाच्या वर बसून शिकवत होती. तुझा तो आवाज माझ्या कानात अजून आहे. "अरे, हे बघा, हे बघा! पुस्तकात छापलंय तस्संच हाय!"

उतरायला तासभर राहिला होता तेव्हा प्रणिता सूचनांचा कागद वाचत होती. सिंगापूरला काय न्यायचं नाही त्याची यादी. च्युइंगगम, अमुक, तमुक. तिने मान वर करून विचारलं, "मॅडम, पॉपी सीड्स म्हंजे काय?"

तू सहज म्हणालीस, "खसखस."

शैले, मी मनातल्या मनात शिदोरी तपासली. धपाट्यात नाही, चटणीत नाही. पण लाडवात होती. शंभर ग्रॅम. मी तुझ्या कानाशी सांगितलं. तू उभी राहून पोरींना म्हणालीस, "पोरीहो, काकूंचे लाडू आत्ताच्या आत्ता संपवायचे. समदे. हा अभ्यासक्रमातला भाग समजा."

असा आनंद मी कुठल्याच पंगतीत बघितला नाही. विमान खाली यायला लागलेलं, कानांना दडे बसलेले, आणि बावीस पोरी दोन्ही हातांत लाडू घेऊन बकाबका खात होत्या. शेजारच्या रांगेतल्या एका सरदारजींनी कौतुकाने बघितलं, त्यांना द्यायचा मोह मला झाला, पण हिशेब बिघडेल म्हणून दिला नाही. पोरींचे चव्वेचाळीस, माझे दोन. डब्यात दोन उरायला हवे होते.

एकच होता.

तो मी खाल्ला. म्हणजे माझे तीन. मग तिन्ही डबे पुन्हा बघितले, पिशवी उलटी केली, सीटखाली वाकले. अठ्ठेचाळिसावा लाडू कुठेच नव्हता. मी उठून पोरींना विचारलं, "कुणी एक लाडू मागं ठेवलाय का? खरं सांगा, मी रागवणार नाही."

बावीसच्या बावीस पोरींनी माना खाली घातल्या. एकीनेही 'नाही' म्हटलं नाही.

मला काय वाटलं असेल, सांग. मला वाटलं, कुणीतरी घरच्या आठवणीने लाडू रुमालात बांधून बॅगेत ठेवलाय आणि आता घाबरून बोलत नाही. बाकीच्यांना माहीत आहे आणि त्या तिला झाकतायत. दोन ग्रॅम खसखस आणि वर थोडी. पण तिथे ती पकडली गेली आणि त्या पोरीच्या नावावर काही लागलं तर? ह्यातल्या निम्म्या पोरी डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरच्या क्लासला आणि माझ्या मेसमध्ये उद्या येणार. त्यांच्या आयांना मी काय सांगू?

तू म्हणालीस, "तुझी मोजणी चुकली असंल. सत्तेचाळीसच वळले असतील."

"माझी मोजणी चुकत नाही."

"मग चुकली समज ना एकदा!"

विमानतळावर उतरल्यावर दोन रस्ते होते. हिरव्या पाटीखालून गेलं तर कुणी विचारत नाही. लाल पाटीखाली आपण होऊन सांगायचं. तू तीन वेळा म्हणालीस, "अगं चल, काही नाही." तिसऱ्या वेळी तू माझ्या पदराला धरलंस. मी पदर सोडवून घेतला आणि लाल पाटीकडे चालायला लागले. मागे बघितलं तर तू कपाळाला हात लावून उभी होतीस आणि हसत होतीस. तेव्हा मला त्या हसण्याचा फार राग आला. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं आणि तू एवढी निर्धास्त कशी, हे कोडं मला दीड वर्ष सुटलं नाही.

तिथे एक उंच बाई होती, गणवेशातली. मी कागदावरच्या त्या शब्दावर बोट ठेवलं. तिने इंग्रजीत विचारलं, तुमच्याकडे हे आहे का?

मी म्हटलं, "हाव."

ती म्हणाली, "हाउ?"

मी पुन्हा जोरात म्हटलं, "हाव!"

"हाउ? हाउ मच?"

हे मला कळलं. मी एक बोट वर केलं. "वन लड्डू."

मागून तू धावत आलीस, पदराने डोळे पुसत. रडून नव्हे, हसून. मग तू तुझ्या इंग्रजीत सगळं समजावलंस. आणि मग नियमाप्रमाणे चोवीसच्या चोवीस बॅगा उघडल्या गेल्या.

एक तास पन्नास मिनिटं. दोनशे चाळीस धपाटे टेबलावर रचले गेले. त्या बाईने वास घेऊन विचारलं, हे काय? आणि मगाशी माना खाली घालून बसलेल्या पोरींना कंठ फुटला. एक म्हणाली ज्वारी, एक म्हणाली बेसन, प्रणिता म्हणाली, "मॅडम, धिस इज अवर पिझ्झा, बट हेल्दी." ती बाई हसली. तिच्यासोबतचा माणूस हसला. लाडू निघाला नाही. शेवटी ती मला काहीतरी म्हणाली आणि तू भाषांतर केलंस, "त्या म्हणतायत, खरं सांगितलंत हे बरं केलंत." आणि पुढे स्वतःच्या मनाचं जोडलंस, "अन् मी म्हणते, तुझ्या खरेपणाच्या पायी आमची होडी गेली."

गेली होती. संध्याकाळची होडीतली फेरी चुकली. बसमध्ये तू वीस मिनिटं माझ्याशी बोलली नाहीस. मग एका वळणावर समुद्र दिसला, त्यात उभी असलेली जहाजं दिसली आणि तू माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणालीस, "मोज की." मी मोजली. वळण संपेपर्यंत त्रेसष्ट.

पुढचे चार दिवस मी इथे सगळे लिहिले तर वही पुरणार नाही. बिनड्रायव्हरची आगगाडी. तिचं दार किती वेळ उघडं राहतं ते मी चार स्टेशनांवर मोजलं, आणि मग पोरींच्या दोन रांगा करून आपण अठरा सेकंदांत आत, असं बसवलं. स्टेशनवरची माणसं बघत राहायची. काचेच्या थंडगार घरात लावलेली झाडं, वरून पडणारं पाणी, आणि तुझी लोह्याची भाषा फुटलेली, "आई गं, लई भारी हाय!" प्रत्येक दरवाज्यापाशी माझी मोजणी. एक? हाव! दोन? हाव! तिसऱ्या दिवशी आमच्यामागे उभी असलेली कुठल्यातरी देशाची शाळकरी मुलंही "हाव" म्हणायला लागली. माझी मोजणी सदतीसवर गेली आणि मला पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं. तू पोट धरून खाली बसलीस.

त्याच दिवशी ती सावली.

मी बारा वाजताच सगळ्यांना उभं केलं होतं. तू म्हणालीस, "घड्याळाचे बारा अन् सूर्याचे बारा एक नसतात. इथं एक वाजून अकरा मिनिटांनी." मला आवडलं ते. जिथे मला वाटतं आकडा पक्का आहे, तिथे तू त्याच्या मागचा दुसरा आकडा काढतेस. बागेतल्या फरशीवर तू पाण्याची बाटली उभी केलीस, भोवती खडूने गोल काढलेस. एक वाजून चार मिनिटांनी ढग आला.

बावीस पोरी आभाळाकडे बघतायत. मी घड्याळ धरून उभी. दोन मिनिटं, पाच, सात. तुझा चेहरा उतरला. तू माझ्या शेजारी येऊन उभी राहिलीस आणि खालच्या आवाजात म्हणालीस, "सुमे, तुला एक सांगायचंय."

"काय?"

"आधी रागवू नको म्हण."

तेवढ्यात ऊन पडलं. प्रणिता किंचाळली, "मॅडम, सावली गेली!" बाटलीच्या बुडाशी काहीच नव्हतं. ना पुढे, ना मागे. पोरी स्वतःच्या पायांकडे बघून नाचायला लागल्या, एकमेकींना दाखवायला लागल्या. तू माझं मनगट धरून मला मधोमध ओढलंस आणि आपण दोघी, पन्नाशीला आलेल्या, साडी खोचून उड्या मारायला लागलो. उडी मारली की फरशीवर सावलीचा गोल दिसायचा, खाली आलं की पायाखाली गडप. तू म्हणत होतीस, "बघ, बघ, तुझीबी न्हाई, माझीबी न्हाई!" मी मोजलं नाही किती उड्या. ते एकच मोजायचं राहिलं.

तू काय सांगणार होतीस ते विचारायचंही राहिलं.

परत आल्यावर पोरी घरी गेल्या, मी मेसला लागले. आणि तू पुढच्या सहलीचा धोशा लावलास. पहिल्यांदा तुमच्या कॉलेजने परवानगी दिली नाही, मग ह्या वर्षी मिळाली. चोवीस पोरींची यादी तू मला पाठवलीस. मी कळवलं, येणार नाही.

शैले, मला राग नव्हता. मला भीती होती. ज्या बाईला अठ्ठेचाळीस लाडू नीट मोजता आले नाहीत, तिने परक्या देशात लोकांच्या लेकी मोजू नयेत, असं मला मनापासून वाटत होतं. तेव्हापासून मी मेसमध्येसुद्धा सगळं दोनदा मोजते. पोळ्या दोनदा, ताटं दोनदा, सिलेंडर बंद केला का ते तीनदा उठून बघते. सतरा वर्षांचा माझा भरवसा त्या एका लाडवाने नेला. तू फोनवर म्हणायचीस, "एका लाडवाचं काय घेऊन बसलीस?" मी म्हणायचे, "लाडवाचं नाही गं. उद्या तेवीस पोरी मोजून चोवीस म्हटलं तर?" तू गप्प व्हायचीस. आता कळतं, का गप्प व्हायचीस.

शेवटचा फोन. "रविवारी नांदेडला ये. फोनवर नाही, तोंडावर सांगायचंय. पण चिडणार नाही अशी शपथ घे."

मी म्हटलं, "आधी सांग, मग बघू."

"तू अशीच गं. ये तर."

त्या रविवारी मेसमधल्या मुलींची परीक्षा होती, मला निघता आलं नाही. पुढच्या रविवारी येते म्हटलं. गुरुवारी भावजींचा फोन आला. चहा ठेवायला उठलीस आणि ओट्यापाशीच गेलीस.

तेराव्याला तुझ्या बावीसपैकी एकोणीस पोरी आल्या होत्या. आता बारावी होऊन पुढे गेल्यात, पण माझ्याभोवती आल्या त्या नंबराच्या क्रमानेच. जेवणं झाल्यावर मी मागच्या अंगणात हात धूत होते. प्रणिता आली.

"काकू, एक सांगायचंय. पण मॅडमनी शपथ घातली होती."

"मग नको सांगूस."

"आता सुटली असंल ना शपथ?"

मी म्हटलं, "हाव."

"तो लाडू मॅडमनी खाल्ला होता. हैदराबादला. तुम्ही तोंड धुवायला गेल्या तेव्हा."

मी तांब्या खाली ठेवला.

"आम्ही समद्यांनी बघितलं. मॅडम म्हणाल्या, 'सुमीला सांगितलं तर ती पुन्हा कधी यायची न्हाई, अन् ती न्हाई आली तर तुमच्या मागच्या पोरींना सिंगापूर दिसायचं न्हाई.' बावीस जणींकडून शपथ घेतली, काकू. एक ते बावीस. नंबरानं."

"नंबराने?"

"हाव. त्या आकडा म्हणत होत्या अन् आम्ही हाव म्हणत होतो."

म्हणजे माझीच पद्धत माझ्यावर चालवलीस. मी विचारलं, "कसा लागला म्हणाली?"

"डोळे मिटून खाल्ला. सावकाश. मग म्हणाल्या, 'तीन वर्षांत पहिला.'"

शैले, तुझ्या तेराव्याला, तुझ्या अंगणात, मी मोठ्याने हसले. आतून बायका बघायला आल्या. भावजी आले. प्रणिता आधी घाबरली, मग तीही हसायला लागली, मग बाकीच्या अठरा. मग कुणीतरी रडायला लागलं आणि कोण कशासाठी काय करतंय ते कुणालाच सांगता आलं नसतं.

दोन तास तू त्या टेबलाशी उभी होतीस, चोवीस बॅगा उघडताना बघत, लाडू तुझ्या पोटात. एक शब्द बोलली असतीस तर होडी मिळाली असती. पुढे दीड वर्ष मी सिलेंडर तीनदा बघत होते, तेव्हाही एक शब्द बोलली असतीस तर मला झोप लागली असती. ह्याचा मला राग आहे आणि तो मी ठेवून घेते. पण माझ्या एका शपथेला तू एवढी घाबरलीस, हे मला माहीत नव्हतं. तू कशालाच घाबरत नाहीस असं मी धरून चालले होते. मी येणार नाही, ह्याला घाबरलीस. त्या भीतीपायी गप्प राहिलीस, आणि त्या गप्प राहण्याने मी खरंच येणार नव्हते. उत्तर चुकलेलं गणित आहे हे. पण मांडणी माझ्यावरच्या मायेची आहे, एवढे गुण मी देते.

डॉक्टरांना मी विचारलं. मला विचारल्याशिवाय राहवलं नसतं. ते म्हणाले, दीड वर्षापूर्वीच्या एका लाडवाने काही होत नसतं. लिहून ठेवलं.

कालच मी तुमच्या कॉलेजला फोन केला. तुझ्या जागी त्या नव्या देशपांडे बाई जाणार आहेत. अठ्ठावीस वर्षांच्या, परदेश न पाहिलेल्या, घाबरलेल्या. मी सांगितलं, मी येते. चोवीस पोरी आणि आम्ही दोघी, सव्वीस. फोन ठेवला आणि मला पुन्हा तसंच झालं, तू पहिल्यांदा पासपोर्ट काढायला सांगितलंस तेव्हासारखं. पोळ्या लाटताना हसू येत होतं. आमचे हे म्हणाले, "कुठं निघालात?" मी म्हटलं, "सावली बघायला."

काल रात्री पोळ्या एकदाच मोजल्या. बरोबर होत्या.

ह्या वेळी लाडवात खसखस नाही. सव्वीस जणींना दोन दोन म्हणजे बावन्न. मी त्रेपन्न वळणार आहे. हैदराबादला पोचलो की पिशवी बाकावर ठेवून मी दहा मिनिटं तोंड धुवायला जाईन.

परत येऊन डबे मोजणार नाही.